औषध आणि जेवण: दोघांचं वेळापत्रक एकाच कागदावर कसं बसवायचं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, दिवसातून किती वेळा घ्यायची ते असतं, फार तर ‘जेवणानंतर’ असा शेरा असतो. जेवणात काय आहे, ते किती वाजता होतं, आजारपणात ते होतं तरी का, याबद्दल त्या कागदावर काहीच नसतं. उलट आहाराचा तक्ता हातात पडतो तेव्हा त्यात गोळ्यांचा पत्ता नसतो. रुग्णाच्या पोटात मात्र दोन्ही एकत्रच जातं.

मग घरातली माणसं आपापल्या परीनं ही उणीव भरून काढतात. एक जण दूध बंद करायला सांगतो, दुसरा पालेभाज्या, तिसरा फळं. पथ्यांची यादी वाढत जाते आणि ताटातलं अन्न कमी होत जातं. आहारतज्ज्ञ म्हणून मला या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. अन्न आणि औषध यांच्यातले बहुतेक तंटे वेळ बदलून किंवा रोजचं प्रमाण सारखं ठेवून मिटतात. पूर्ण बंद करावेत असे पदार्थ फार थोडे आहेत आणि तेही ठरावीक औषधांपुरतेच.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की धरा. हा लेख वाचून कुठलीही चालू गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, कमी-जास्त करू नका. इथे जे सांगितलं आहे ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला नेमके प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे.

पायरी १: खरी यादी करा

आठवून यादी करू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, डबे टेबलावर काढा आणि एकेक बघून लिहा. औषधाच्या ब्रँडचं नाव पुरेसं नाही, पट्टीवर बारीक अक्षरात छापलेले घटक लिहा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांमध्ये दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र असतात आणि रुग्णाला ते माहीतच नसतं.

लोक ज्याला औषध मानत नाहीत ते सगळं यात आलं पाहिजे: जीवनसत्त्वांच्या गोळ्या, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं पातळ औषध, पोट साफ होण्याची पूड, प्रोटीन पावडर, वनौषधींचे काढे. मद्य घेत असाल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर त्यावर खूण करा. बायोटिनचं प्रमाण जास्त असेल तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी ते किती दिवस थांबवायचं हे प्रयोगशाळेला किंवा डॉक्टरांना विचारा.

यादीशेजारी तीन दिवसांचं खाणं-पिणं घड्याळातल्या वेळेसह लिहा. जसं व्हायला हवं तसं लिहू नका, जसं होतं तसं लिहा. सकाळचा दूध घातलेला चहा आणि झोपताना घेतलेलं दूधही लिहा.

पायरी २: प्रत्येक गोळीचं पोटाशी नातं ठरवा

‘उपाशीपोटी’ म्हणजे सकाळी, असा एक पक्का समज आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ पोट रिकामं असताना, म्हणजे साधारणपणे खाण्याच्या एक तास आधी किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. ही वेळ दुपारीही सापडते, रात्रीही. आणि दुधाचा चहा घेतला की पोट रिकामं राहिलं नाही, हे लक्षात ठेवा.

थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन ही गोळी या बाबतीत सगळ्यात नाजूक. साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी ती घ्यायची. कॉफीमुळेसुद्धा तिचं शोषण घटतं. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची औषधं तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. ज्यांना सकाळी हे जमतच नाही त्यांना रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना ती घेता येते. मात्र हा बदल डॉक्टरांना सांगून करा, कारण त्यानंतर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासून मात्रा जुळवावी लागू शकते.

हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा दिली जाणारी ॲलेंड्रोनेट याहून हट्टी आहे. उठल्याबरोबर, भरपूर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर तिचं शोषण साधारण साठ टक्क्यांनी घटतं. आडवं न होण्याची अट अन्ननलिकेसाठी आहे. गोळी तिथे अडकली तर जखम होते.

पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या. जेवण आलं की जठरातले ॲसिड सोडणारे पंप कामाला लागतात आणि ही औषधं चालू असलेल्या पंपांनाच बंद करतात. जेवल्यावर आठवण झाली म्हणून घेतलेली गोळी त्या दिवशी पूर्ण कामाला येत नाही.

आता दुसरी बाजू. मधुमेहाची मेटफॉर्मिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड खाण्याबरोबर घेतल्या की पोटाचा त्रास कमी होतो. काही औषधांना तर स्निग्ध पदार्थांची सोबत लागते: मलेरियावरची आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन, तसंच ऊतींमधल्या जंतांसाठी दिलेलं अल्बेंडाझोल. स्निग्ध जेवणाबरोबर अल्बेंडाझोलचं रक्तातलं प्रमाण पाचपटीपर्यंत वाढतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या रिव्हरोक्साबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, नाहीतर त्या पुरत्या शोषल्या जात नाहीत. हे कित्येक रुग्णांना कोणी सांगितलेलंच नसतं. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलची गंमत अशी, की त्याची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची आणि त्याचंच पातळ औषध रिकाम्या पोटी. एकच औषध, रूप बदललं की नियम उलटा. म्हणून नियम वाचताना औषधाचं रूपही बघा.

पार्किन्सनच्या रुग्णांकडे इथे खास लक्ष द्यावं लागतं. त्यांना दिलं जाणारं लेव्होडोपा हे औषध आणि अन्नातली प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना एकाच वाटेवर एकमेकांना अडवतात. म्हणून ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर एक तासानं घ्यायला सांगतात. हे ऐकून घरचे प्रथिनंच कमी करून टाकतात आणि आधीच वजन घटत चाललेला रुग्ण आणखी खंगतो. दिवसाची एकूण प्रथिनं तेवढीच ठेवा. ज्यांना दिवसा हालचालीत चढ-उतार जाणवतात त्यांच्या प्रथिनांचा मोठा वाटा संध्याकाळच्या जेवणाकडे सरकवता येतो, पण तो आहारतज्ज्ञाच्या मदतीनं.

पायरी ३: खनिजांना वेगळी वेळ द्या

कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक ही खनिजं काही औषधांना पोटातच घट्ट धरून ठेवतात. त्यातून न विरघळणारं संयुग बनतं आणि ते तसंच शौचावाटे बाहेर पडतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकं यात सापडतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या खनिजांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर ते घेऊ नका. पूर्ण जेवणात थोडं दही असेल तर मात्र घाबरण्याचं कारण नाही. याच औषधामुळे कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे ते चालू असताना कॉफीनं छाती धडधडली, झोप उडाली तर नवल नाही. तेवढे दिवस कॉफी कमी करा.

लोह आणि कॅल्शियम यांचंही एकमेकांशी जमत नाही. लोहाची गोळी दोन जेवणांच्या मध्ये, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घ्या. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. तिच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोड्या खाण्याबरोबर घेतली तरी चालेल. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी सोडून देण्यापेक्षा ते कधीही चांगलं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, कारण त्याला ॲसिड लागतं. कॅल्शियम सायट्रेटला ही अट नाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम शरीर नीट शोषत नाही, म्हणून मोठी मात्रा दोन वेळांत विभागून घ्या.

पोट साफ होण्यासाठी इसबगोल घेत असाल तर ते इतर गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवा.

पायरी ४: घड्याळानं न सुटणाऱ्या जोड्या ओळखा

१९८९ साली कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते बघत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूट या संत्र्यासारख्या कडवट फळाचा रस वापरला आणि औषधाचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आलं. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एक एन्झाइम असतं. कित्येक औषधं रक्तात पोचण्याआधीच ते त्यांचा काही भाग मोडून टाकतं. ग्रेपफ्रूटमधले फ्युरानोकुमारिन हे घटक या एन्झाइमला निकामी करतात. शरीराला ते नव्यानं बनवावं लागतं, म्हणून एका पेल्याचा परिणाम चोवीस तासांहून जास्त, कधी तीन दिवसांपर्यंत टिकतो. सकाळी रस आणि रात्री गोळी ही युक्ती त्यामुळेच चालत नाही. सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, फेलोडिपिन, निफेडिपिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, अमिओडॅरोन यांपैकी काही चालू असेल तर ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जवळचं पपनस टाळा. नेहमीच्या गोड संत्र्यात हा दोष नाही, ते खुशाल खा. कोलेस्टेरॉलच्या सगळ्याच गोळ्यांनाही हा नियम लागू नाही. रोझुव्हास्टॅटिनला ही अडचण येत नाही.

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना पालेभाज्या बंद करायला सांगितलेलं मी वारंवार ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं. वॉरफरिन के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतं आणि पालक, ब्रोकोली, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं, इथपर्यंत खरं आहे. पण डॉक्टर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) बघून मात्रा ठरवतात ती तुमच्या नेहमीच्या आहारावर. रोज साधारण सारखी भाजी खाल्ली तर मात्रा त्याप्रमाणे बसते. धोका चढ-उतारात आहे: महिनाभर भाजी बंद आणि मग एकदम रोज वाटीभर, किंवा तापात चार दिवस अन्नच नाही. खाणं अचानक घटलं किंवा नवं प्रतिजैविक सुरू झालं की आयएनआर लवकर तपासून घ्या. ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या औषधांना के जीवनसत्त्वाचा प्रश्नच नाही, त्यामुळे वॉरफरिनचं पथ्य त्यांना लावू नका.

रक्तदाबासाठी रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियमकडे लक्ष हवं, विशेषतः मूत्रपिंड कमकुवत असताना. केळ्याला सगळे घाबरतात. त्याहून मोठा धोका ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या मिठाचा, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाब आहे म्हणून भल्या हेतूनं ते मीठ आणलं जातं आणि रक्तातलं पोटॅशियम हृदयाला घातक ठरेल इतकं चढू शकतं.

मनःस्थितीच्या टोकाच्या चढ-उतारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमचा संबंध साध्या मिठाशी आहे. मीठ अचानक कमी केलं, जुलाब झाले, खूप घाम गेला की लिथियम शरीरात साठतं. मीठ-पाणी रोज सारखं ठेवा. एमएओ इन्हिबिटर गटातली नैराश्याची औषधं आणि लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असताना जुनं मुरवलेलं चीज, आंबवलेलं सोया, यीस्टचा अर्क असे टायरामीन या घटकानं भरलेले पदार्थ रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर नेऊ शकतात. ताजं दूध, ताजं दही याला हरकत नाही. मेट्रोनिडॅझोलबरोबर आणि ते संपल्यावर तीन दिवस मद्य नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर रिकाम्या पोटी मद्य घेतलं तर साखर एकदम खाली जाते.

पायरी ५: औषध शरीरातून काय काढून घेतंय ते बघा

आधीच्या पायऱ्यांतले परिणाम काही तासांत किंवा दिवसांत दिसतात. या पायरीतले वर्षानुवर्षं साचत जातात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत.

मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी१२ जीवनसत्त्वाचं शोषण घटतं. यकृतात बी१२ चा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात, थकवा येतो. मधुमेह आहेच, तेव्हा हे त्याचंच म्हणून सोडून दिलं जातं. बी१२ कमी असेल तर तो भाग भरून काढता येतो. पण उशीर झाला तर नसांचं नुकसान कायम राहू शकतं. त्यातच ॲसिड कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही बी१२ घटवते, कारण अन्नातलं बी१२ सुटं व्हायला ॲसिड लागतं. दोन्ही औषधं एकत्र चालू असतील, किंवा रुग्ण मांस-मासे-अंडी खात नसेल, तर बी१२ ची तपासणी ठरावीक काळानं मागून घ्या. ॲसिडच्या गोळीनं लोह आणि मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं. ती गोळी अजून लागते का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडमुळे पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि दीर्घकाळ घेतल्यास बी१ जीवनसत्त्वही निघून जातं. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडनं बी६ घटतं, म्हणून त्याच्या जोडीला पायरिडॉक्सिनची गोळी देतात. ती ‘फक्त व्हिटॅमिन’ म्हणून टाळू नका. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक ॲसिड लागतं. या दोन पिवळ्या गोळ्यांची अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्याचा वार पट्टीवरच ठळक लिहून ठेवा. प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने चालू असेल तर हाडांमधलं कॅल्शियम जातं, स्नायू झिजतात आणि भूक वाढल्यामुळे वजन मात्र चढतं. वरून धष्टपुष्ट दिसणारा हा रुग्ण आतून कुपोषित असू शकतो. फेनिटॉइनसारखी फिट्सची औषधं ड जीवनसत्त्व आणि फोलेट घटवतात. पण इथे फॉलिक ॲसिड मनानं सुरू करू नका, त्याच्या मोठ्या मात्रेनं फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाणच खाली येतं.

शिवाय भूक आणि चव. मेट्रोनिडॅझोल किंवा कॅप्टोप्रिलनं तोंडाला धातूसारखी चव येते, ॲमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, मॉर्फिनच्या गटातल्या औषधांनी बद्धकोष्ठ होऊन खाण्याची इच्छाच जाते. ‘आजी जेवत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा पट्टीतली एक गोळी असते. अशा वेळी थोडं-थोडं पण वारंवार द्या, कोरड्या तोंडाला ओलसर मऊ अन्न द्या, आणि पर्यायी औषध आहे का ते विचारा.

पायरी ६: एकच तक्ता बनवा

एक कल्पित उदाहरण घेऊ. साठीच्या पुढच्या बाई, थायरॉइड, मधुमेह, ठिसूळ हाडं, रक्त कमी. गोळ्या: लिव्होथायरॉक्सिन, मेटफॉर्मिन दोन वेळा, पँटोप्रॅझोल, लोह, कॅल्शियम कार्बोनेट आणि दर रविवारी ॲलेंड्रोनेट. आजवर या सगळ्या सकाळी आठला दुधाच्या चहाबरोबर एकदम घेतल्या जात होत्या. थायरॉइडचा आकडा जागचा हलत नव्हता, हिमोग्लोबिन वाढत नव्हतं.

नवा तक्ता असा बसतो. सहाला उठल्यावर पाण्याबरोबर लिव्होथायरॉक्सिन. सव्वासातला न्याहारी, मेटफॉर्मिन आणि चहा. साडेदहाला लिंबूपाण्याबरोबर लोह. तोवर थायरॉइडच्या गोळीला चार तास उलटलेले असतात. एक वाजता जेवणाबरोबर कॅल्शियम. दुपारचा चहा चारला. पँटोप्रॅझोल डॉक्टरांच्या संमतीनं संध्याकाळी पावणेसातला आणि साडेसातला जेवणाबरोबर दुसरी मेटफॉर्मिन. रविवारी सहाला ॲलेंड्रोनेट, साडेसहाला लिव्होथायरॉक्सिन आणि न्याहारी अर्धा तास उशिरा. ॲसिडची गोळी चालूच राहणार असेल तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट देता येईल का, हा प्रश्न तक्त्याच्या तळाशी लिहायचा. बघा, यात ताटातला एकही पदार्थ कमी झालेला नाही.

तक्ता बनवताना एक प्रश्न वेगळा विचारून उत्तर लिहून घ्या: एखादं जेवण चुकलं तर कोणती गोळी घ्यायची आणि कोणती थांबवायची? मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन माणूस उपाशी राहिला तर रक्तातली साखर घसरते. मधुमेहाचंच अकार्बोजही जोडीला असेल तर ती चढवायला नेहमीची साखर हळू कामी येते, कारण अकार्बोज तिचं विघटनच रोखतं. अशा घरात ग्लुकोजची पूड हाताशी हवी.

रुग्णाला नळीतून अन्न दिलं जात असेल तर कुठलीही गोळी कुटण्याआधी विचारा. आवरण असलेल्या आणि दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. औषध अन्नात मिसळू नका, एकेक वेगळं द्या, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर पाणी सोडा. फेनिटॉइनसाठी नळीतलं अन्न काही वेळ थांबवावं लागतं. किती वेळ, ते लेखी घ्या.

पायरी ७: लक्ष ठेवा आणि कधी धावायचं ते माहीत असू द्या

दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, सारख्याच कपड्यांत वजन करा. न ठरवता सहा महिन्यांत पाच टक्के वजन घटलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. नवं औषध सुरू झालं, जुनं बंद झालं, मात्रा बदलली किंवा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की तक्ता पुन्हा तपासा.

वॉरफरिनवर असताना काळी शौच, थांबत नसलेलं रक्त किंवा डोक्याला मार. पोटॅशियम वाढवणाऱ्या औषधांवर असताना एकाएकी स्नायूंतली ताकद जाणं किंवा ठोके चुकणं. एमएओ इन्हिबिटरवर असताना खाण्यानंतर उठलेली असह्य डोकेदुखी. लिथियमवर असताना जुलाबांबरोबर हात थरथरणं आणि तोल जाणं. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर असताना अंग ठणकून लघवी गडद तपकिरी होणं. यांपैकी काहीही दिसलं तर घरी उपाय करत बसू नका. रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या आणि तो तक्ता बरोबर घ्या.